बाजूच्या चित्रातल्या दोन रेघा

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी माझं आणि वन्संचं वाजलं, आणि तेही दारावरून. मी आमच्या खोलीची कडी आतून लावली तर लगेच बाहेरून टकटक. "वहिनी, कडी नको लावूस. नुसतं लोटून घे." आता नव्या नवरा-बायकोनं कडी लावायची नाही तर कुणी लावायची? तणतणत दार उघडलं, तर या बाई हातात पुठ्ठ्याची घडी घेऊन उभ्या. ती घडी त्यांनी चौकटीच्या खाचेत नीट दाबून बसवली, म्हणजे कडी लागूच नये, आणि निघून गेल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "तिचं असंच आहे. राहू दे." हे 'राहू दे' पुढे मी एकोणतीस वर्षं ऐकलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायची आणि त्या मला वहिनी म्हणून अगं-तुगं. लग्न केलं नाही. लोखंडी टाक्या आणि शीतगृहांची दारं बनवणाऱ्या एका कारखान्यात, वरच्या मजल्यावर, ड्रॉइंग ऑफिसात त्या ट्रेसर, म्हणजे शाईनं ड्रॉइंग उतरवणाऱ्या, म्हणून लागल्या. उंच स्टूल, तिरका फळा, वर लोंबणारा दिवा आणि शेजारी कागदांचे सपाट खण, एवढं त्यांचं राज्य. दोनदा बढती चालून आली, दोनदा नको म्हणाल्या. एकदा दुसऱ्या गावच्या नव्या कारखान्यात जागा मिळत होती, राहायला घर मिळत होतं, तेही नको. सुट्टी अशी त्यांनी कधी सलग दोन दिवसांच्या वर घेतली नाही. ताप आला तरी डोक्याला रुमाल बांधून बाई हजर.

घरात त्यांचा तो दारांचा जाच. न्हाणीघरात मला जरा वेळ लागला की बाहेरून हाक, "वहिनी, आत आहेस ना?" "नाही, नळातून पळून गेले," मी ओरडायची. कोठीघराचं दार वाऱ्यानं आपटलं तर हातातलं काम टाकून धावायच्या, उघडून आत बघायच्या, मग शांत. माझी मुलं लहानपणी लपाछपी खेळायची ती त्यांच्या धाकानं अंगणात. कपाटात लपलेल्या माझ्या लेकीला त्यांनी एकदा जो धपाटा घातला, तो बघून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लेकरू माझं, हात यांचा! आठ दिवस आमच्यात अबोला होता. लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे. लोकांना काय नावं ठेवू, मीही म्हणायची.

खरं काय ते मला कळलं त्यांच्या निवृत्तीच्या आठ दिवस आधी. मला इतकी वर्षं ताटकळत राहावं लागलं, तुम्हाला तसं ठेवण्यात मला काही गंमत वाटत नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकते. आमच्या वन्सं तीस वर्षांपूर्वी एका दाराच्या ड्रॉइंगमध्ये दोन रेघा काढायला विसरल्या होत्या. त्या रेघांवाचून बनलेल्या दारामागे कुणीतरी अडकेल, गारठून मरेल, आणि ती बातमी एक दिवस टपालानं येईल, म्हणून त्या तीस वर्षं त्या स्टुलावर वाट पाहत बसल्या होत्या.

हे समजायचं तर त्यांची विद्या थोडी समजावी लागते. मला ती त्यांनी स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यावर शिकवली होती, फार पूर्वी, एकदा लहर लागली तेव्हा. डबा समोर ठेवला. "काय दिसतं?" "डबा." "कडा दिसतात ना? त्या अखंड रेघेनं काढायच्या. आता आत चमचा आहे. दिसतो?" "नाही." "पण आहे ना? मग तो काढायला नको? तो तुटक रेघेनं काढायचा." तीन मिलिमीटर रेघ, एक मिलिमीटर मोकळी जागा, पुन्हा तीन, पुन्हा एक. जे दिसत नाही पण आहे, ते सगळं तुटक रेघेत. ती रेघ बघून खालचा कारागीर ओळखतो की इथे आत भोक आहे, इथे पोकळी आहे, इथे मागून दांडा आलाय. वन्संच्या तुटक रेघा बघण्यासारख्या असायच्या, साच्यातून काढल्यासारख्या सारख्या. त्यांच्या ऑफिसात म्हणे सही न बघता लोक ओळखायचे, हा कागद कुणाचा.

आणि एक नियम. पुढची दिसणारी रेघ आणि मागची लपलेली रेघ जर नेमक्या एकाच जागी आल्या, तर फक्त पुढची काढायची. मागची काढायचीच नाही. "मग ती आहे हे कळणार कसं?" मी विचारलं. "बाजूच्या चित्रातून. समोरून लपली तरी बाजूनं दिसतेच. म्हणून दोन्ही चित्रं बघायची असतात." मी म्हटलं, हा नियम सासूबाईंच्या वेळी आपल्या घरातही होता, त्या पुढे असल्या की मागच्यांनी असून नसल्यासारखं राहायचं. वन्संना हसू आलं. त्यांना हसवणं सोपं नव्हतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

आता ते दार. शीतगृहाचं दार वीतभर जाड. बाहेरून मोठी मूठ. पण आत गेलेल्या माणसामागे ते कुणी चुकून लावलं तर त्याला आतून उघडता आलं पाहिजे, म्हणून दाराच्या जाडीतून आरपार एक दांडा जातो. आतून ढकलला की बाहेरचा खटका सुटतो. समोरच्या चित्रात त्या दांड्याचं भोक मुठीच्या गोलाच्या बरोबर मागे येत होतं, मापही तेच. म्हणजे नियमाप्रमाणे ते तिथे काढायचंच नव्हतं. ते दाखवायचं ते बाजूच्या चित्रात, दाराच्या जाडीतून जाणाऱ्या दोन समांतर तुटक रेघांनी. वन्सं आधी सगळ्या अखंड रेघा काढायच्या, मग मधल्या आसाच्या, आणि तुटक रेघा सगळ्यात शेवटी, कारण त्यांना वेळ आणि स्थिर हात लागतो. त्या दिवशी त्या बिजागरीच्या बोल्टांपर्यंत आल्या, आतल्या थरापर्यंत आल्या, आणि उठल्या.

उठल्या, कारण त्या संध्याकाळी घरी पाहुणे येणार होते. पाहुणे म्हणजे त्यांच्याच ऑफिसातला ड्रॉइंग तपासणारा, आपल्या आईला घेऊन. दोघांचं एकमेकांना पसंत होतं, नुसतं मोठ्यांनी बोलायचं बाकी होतं. यांना घाई, त्याला यांच्याहून घाई. यांनी कागद त्याच्या टेबलावर ठेवला, त्यानं कागदाकडे कमी आणि यांच्याकडे जास्त पाहिलं असणार, आणि सही ठोकली. अशी चूक त्या दोघांच्या हातूनच होऊ शकली असती. एकाच्या नाही, दोघांच्या मिळून.

बारा दारं बनली आणि लांबच्या दोन शीतगृहांकडे रवाना झाली. दोन महिन्यांनी तशाच दारांची दुसरी ऑर्डर आली, वन्संनी खणातून मूळ कागद काढला आणि बाजूच्या चित्रात त्या दोन रेघा नव्हत्या. "वहिनी, मला आधी वाटलं शाई उडाली असेल," त्या मला म्हणाल्या. "मी कागद उजेडात धरला. निबचा ओरखडासुद्धा नव्हता."

ड्रॉइंगात दुरुस्ती केली की कोपऱ्यातल्या चौकटीत लिहायचं असतं, काय बदललं, कधी, कुणी. वन्संनी दोन रेघा काढल्या आणि चौकट कोरी ठेवली. लिहिलं असतं तर आधीच्या बारा दारांची विचारणा झाली असती, आणि ट्रेसरच्या आधी सही करणारा गेला असता. तपासणाऱ्याचं कामच ते. म्हणून गप्प राहिल्या. आणि गप्प राहिल्यावर त्याच माणसाशी लग्न करून रोज त्याच्या समोर बसायचं हे काही त्यांना जमेना. सांगावं तर त्याची झोप उडणार, न सांगावं तर यांची उडालेलीच. ठरत आलेलं लग्न त्यांनी मोडलं. घरात कारण विचारून विचारून सगळे थकले. तो बिचारा वर्षभरात दुसऱ्या गावी नोकरीला गेला. नंतर मी सून म्हणून आले तेव्हा सासूबाई मला दबक्या आवाजात सांगायच्या, "सोन्यासारखं स्थळ घालवलं हो हिनं, नुसत्या हट्टापायी."

त्या दोन शीतगृहांना वन्संनी पत्रं पाठवली, निनावी. दाराच्या आतल्या दांड्याची खात्री करून घ्या म्हणून. पण त्यांचं अक्षर म्हणजे ड्रॉइंगवरचं अक्षर, शंभरात ओळखू येणारं. म्हणून ती पत्रं त्यांनी डाव्या हातानं लिहिली. मी डोक्याला हात लावला. "वन्सं, अहो, तुमच्या डाव्या हाताचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! ते कुणाला वाचता तरी आलं असेल का?" त्या म्हणाल्या, "ते मलाही माहीत नाही ना. उत्तर यायला पत्ता कुठे दिला होता?"

आणि मग टपाल. कारखान्याचं सगळं टपाल, तक्रारी, चौकशा, मोडतोडीच्या खबरा, ड्रॉइंग ऑफिसात यायचं ते आधी त्यांच्या टेबलावर, त्या फोडून ज्याला त्याला द्यायच्या. बढती घेतली असती तर काचेच्या खोलीत बसावं लागलं असतं आणि टपाल दुसऱ्यानं फोडलं असतं. दुसऱ्या गावची जागा का नाकारली, सलग सुट्टी का नाही, ताप अंगात असताना ऑफिस का, हे सगळं मला एका दुपारी उलगडलं. तीस वर्षं रोज सकाळी त्या एकेक पाकीट उघडत होत्या आणि त्यातल्या कुठल्या तरी एकात एक मेलेला माणूस असणार होता. तो आला की आपण उभं राहून सांगायचं, चूक माझी, सही करणाऱ्याची नाही. त्यासाठी त्यांना तिथे असणं भाग होतं.

हे त्यांनी मला सांगितलं, कारण मुदतवाढ संपली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी एक वाढवून मागितलं, मिळालं. दुसरं मागितलं तर साहेब हसून म्हणाले, बाई, आता आराम करा. आता ड्रॉइंग कॉम्प्युटरवर होतं, अख्खी वस्तू त्यात उभी करायची, मग कुठून बघायचं ते सांगायचं, लपलेल्या रेघा आपोआप तुटक येतात, कुणी विसरायचा प्रश्नच नाही. येत्या शनिवारी शेवटचा दिवस. सोमवारी टपाल कोण फोडणार?

मी ऐकत होते आणि मला भडकायला झालं. इतकी वर्षं एका छपराखाली! माझी दोन बाळंतपणं यांनी काढली, माझी आई गेली तेव्हा मला यांनी सांभाळलं, आणि पोटात हे! "उद्याच्या उद्या जाऊन साहेबांना सांगा," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगते." त्या एकदम माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "नको वहिनी. तो अजून नोकरीत असेल कुठेतरी. निवृत्तीला आला असेल. आता त्याचं नाव निघायला नको." मग त्यांनी कपाटातून साड्यांच्या तळाशी ठेवलेला एक निळा कागद काढला. त्या पहिल्या ड्रॉइंगची प्रत. घड्यांवर विरलेली. बाजूच्या चित्रात दाराची जाडी, आणि मधे नुसती कोरी जागा.

"खाली कारखान्यात कधी विचारलं नाहीत? दारं बनवली त्यांना?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काही भलतंच बोलले. "खाली काय विचारायचं? ड्रॉइंगात असतं तेवढंच खाली बनतं. शंका असली तर ते वर येऊन विचारतात. कुणी आलं नाही, म्हणजे तसंच बनलं." हे त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि त्यांनी ते तीस-एकतीस वर्षं जसंच्या तसं धरून ठेवलं होतं. वरचा मजला आणि खालचा मजला यांच्यात एकच जिना होता, पण वरचे लोक त्यावरून फक्त घरी जायला उतरायचे.

मला काही त्यांची विद्या नाही, त्यामुळे तिचे नियमही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसला गेल्यावर मी तो कागद पिशवीत घातला आणि निघाले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री आहेत, खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं करून देतात. म्हातारे झालेत पण हात अजून पक्का. ते पूर्वी त्याच कारखान्यात फिटर होते हे मला फाटक दुरुस्त करून घेताना कळलं होतं. माझ्या डोक्यात आपलं एवढंच, की असल्या दाराला नंतर भोक पाडता येतं का विचारावं. येत असेल तर तसं त्या शीतगृहांना नीट छापील अक्षरात कळवावं, आणि वन्संना मोकळं करावं. कुणाचं दार, कुणाची चूक, हे सांगायचं नाही असं मी घोकत गेले.

मिस्त्रींनी हात पुसले, चष्मा लावला, कागद लांब धरला आणि म्हणाले, "अरेच्चा. ही तर वरच्या बाईंची रेघ."

मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"या तुटक रेघा बघा ना, ताई. साहेब लोकांच्या शेवटी शेवटी लांब होत जातात, कंटाळा येतो त्यांना. बाईंची शेवटची पण पहिलीसारखी. काय विचारायचंय?"

"या दाराला आतून उघडायचं भोक नाहीये," मी म्हटलं. "ते नंतर पाडता येईल का?"

"पाडलंय की."

"काय?"

"पाडलंय. मीच पाडलंय. बारा दारं होती." त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "दार जुळवायला घेतलं, दांडा हातात घेतला, तर घालायला जागाच नाही. ड्रॉइंग बघितलं. समोरच्या चित्रात तर ते दिसणारच नाही, गोलामागे गोल. बाजूच्या चित्रात बघितलं, तर तिथे पण नाही. म्हटलं, राहिलं वाटतं पोरीकडून. मग काय, दार तसंच पुढे पाठवू? आत माणूस जातो, ताई."

"मग वर जाऊन सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला होता. भल्या माणसाच्या पायावर डोकं ठेवायचं सोडून मी त्याच्यावर खेकसत होते.

ते जरा दचकले. "सांगितलं असतं तर कागद झाला असता. मग कुणाची तरी नोकरी गेली असती. पोर नवी होती, मेहनती होती. दोन दुपारचं काम, मी आणि माझ्या सोबत्यानं जेवणाच्या सुट्टीत उरकून टाकलं. पुढच्या ऑर्डरीला नवा कागद आला तर दोन्ही रेघा जागच्या जागी. म्हटलं, कळलं तिला. संपला विषय." आणि ते हसले. आपण तेव्हा एक चांगलं काम केलं होतं हे त्यांना त्या क्षणी पुन्हा आठवलं असावं. त्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद दिसत होता आणि मला तो बघवेना.

घरी येताना मी दोनदा रस्ता चुकले, आणि अंतर ते केवढं, शंभर पावलांचं. सांगावं की नाही? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे, पण त्या दिवशी मी संध्याकाळभर गप्प होते. सांगितलं तर भीती जाईल हे खरं. पण भीतीबरोबर आणखी काय काय जाईल? स्थळ मोडलं ते, बढत्या सोडल्या त्या, तीस वर्षांच्या सगळ्या सकाळी, हे सगळं कशासाठी होतं म्हणून सांगायचं? माणूस अडकण्याच्या भीतीनं आयुष्य गेलं हे निदान आयुष्य तरी वाटतं. मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "राहू दे." तेव्हाच मी ठरवलं, नाही राहू द्यायचं.

रविवारी दुपारी मी मिस्त्रींना चहाला बोलावलं. वन्संचा आदल्याच दिवशी निरोपसमारंभ झाला होता, त्या खुर्चीत बसून होत्या, हात मांडीवर, आता उद्या काय म्हणून. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, माझी छाती झाली नाही. मिस्त्री आले, नमस्कार-चमत्कार झाले, आणि त्यांनीच सुरुवात केली. "बाई, तुमच्या वहिनींनी तो जुना कागद दाखवला. बारा दारांचा. ते भोक आम्ही पाडलं होतं हो तेव्हाच."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. बोलल्या त्या ऑफिसातल्या आवाजात.

"किती मापाचं पाडलंत?"

"बावीस."

"पंचवीस हवं होतं."

"पंचवीसचं ड्रिल दुसऱ्या खात्यात गेलं होतं. दांडे घासून बावीसचे केले."

"बाराही?"

"बाराही. बारा दांडे घासलेत बाई, ते विसरायला होत नाही."

"ढकलून बघितले होते?"

"चौकटीत उभं करून एकेक. मी आत, सोबती बाहेर. त्यानं लावायचं, मी उघडायचं. बारा वेळा आत गेलो, बारा वेळा बाहेर आलो." ते पुन्हा हसले. "पण इतक्या वर्षांनी आज का विचारताय?"

आता सांगतील, मला वाटलं. आता या माणसाला सांगतील, की तुमच्या भलेपणानं माझं काय झालं. वन्संनी त्यांचा कप पुढे सरकवला.

"काही नाही. जुने कागद आवरत होते. चहा घ्या, गार होतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही फार चांगलं केलंत. तुमचे आभार मानायचे राहून गेले."

मिस्त्री खूश होऊन गेले. फाटकाची बिजागरी करकरतेय, येऊन तेल घालतो, असंही जाता जाता म्हणाले. मी दारापर्यंत सोडून परत आले तेव्हा वन्सं तशाच बसल्या होत्या.

"वहिनी, मला त्यांचा राग येतोय," त्या म्हणाल्या. "एवढा राग मला कधीच कुणाचा आला नाही. हे बरोबर नाही ना?"

"बरोबर नसू दे. येऊ दे," मी म्हटलं.

"रोज सकाळी मला तो माणूस दिसायचा. दारावर हात आपटणारा. जाड कोट, टोपी. मी त्याचं वयसुद्धा ठरवलं होतं."

"सुटला ना तो आता, वन्सं."

"सुटला कुठे गं? तो आत नव्हताच."

मग त्या रडायला लागल्या. मी त्यांना एकोणतीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले आणि त्यांचा हात धरला. बऱ्याच वेळानं त्या शांत झाल्या. पदरानं तोंड पुसलं.

"लग्न मोडल्याचं कारण आईला मी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "पण ज्यांनी सही केली त्यांना काहीतरी सांगावं लागलं. ते ऐकेचनात, रोज जिन्यात थांबायचे. मग मी त्यांना म्हटलं, तुम्ही मला आवडतच नव्हता."